आरसा पुसण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला एसएलआर कॅमेरा, म्हणजे ज्यात लेन्समधून आलेलं दृश्य आरशावरून परतून आपल्या डोळ्याला दिसतं तो, आपल्या हातात येतो. आपण लेन्स काढतो आणि आत डोकावतो. समोर ४५ अंशांत तिरका बसवलेला छोटासा आरसा, त्यावर धूळ, एखादा बोटाचा ठसा, काही काळे ठिपके. हात आपोआप रुमालाकडे जातो. तो हात तिथंच थांबावा, म्हणून आज मी आपल्याशी बोलतो आहे.

घरातल्या आरशाचा पारा काचेच्या मागे असतो. पुढून कितीही घासून पुसा, पाऱ्याला काही होत नाही. कॅमेऱ्यातल्या आरशाचं याच्या अगदी उलट असतं. त्याचा चकाकता थर, ॲल्युमिनियमचा किंवा चांदीचा, काचेच्या पुढच्या अंगाला असतो. तो मागे असता तर काचेच्या पुढच्या बाजूवरूनही थोडा उजेड परतला असता आणि व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या झरोक्यात, प्रत्येक वस्तूला जोडीची पुसट प्रतिमा दिसली असती. म्हणून हा थर पुढे, उघड्यावर आहे. केसाशी तुलनाच नको, इतका तो पातळ असतो. कापडात अडकलेला रेतीचा एक कण त्यावरून फिरला की ओरखडा उमटतो, आणि तो कायमचा.

माझ्या पहिल्या जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हे माझ्या हातून घडलं. व्ह्यूफाइंडरमध्ये तीन काळे ठिपके दिसत होते. मी धुतलेल्या सुती कापडानं आरसा नीट पुसून काढला. मग खिडकीपाशी नेऊन तिरका धरला, तर आरशावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. आणि ते तीन ठिपके जिथल्या तिथे! ते आरशावर नव्हतेच.

आरशावरचा कण आपल्या डोळ्याला सहसा स्पष्ट दिसत नाही. दिसलाच तर धूसर डागासारखा. जो ठिपका ठसठशीत, काळाभोर दिसतो तो बहुतेक वेळा आरशाच्या वर असलेल्या फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे ज्यावर दृश्य उमटतं त्या दुधी तावदानावर, असतो. ही स्क्रीन बऱ्याच कॅमेऱ्यांत प्लॅस्टिकची असते आणि आरशाहूनही नाजूक. तिला कापड, बोट, बोळा, काहीही लावू नका. फक्त हवा.

आता सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट. आपण बटण दाबतो त्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि उजेड सरळ मागे फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. म्हणजे आरशावरचा डाग फोटोत येतच नाही. याला अपवाद आहे. १९६५ सालच्या कॅनन पेलिक्समध्ये आरसा हलत नाही, उजेड त्यातून आरपार जातो. तिथे आरशाची स्वच्छता फोटोला भोवते. बाकी नेहमीच्या कॅमेऱ्यात चार कण असले तर असू द्या.

मात्र ते कण काळे आणि चिकट असतील तर त्यांचं मूळ शोधा. आरसा वर जाऊन आदळतो तिथे फोमची एक अरुंद पट्टी असते. वर्षं सरली की हा फोम कुजतो, डांबरासारखा होतो आणि त्याचा चुरा खाली पडत राहतो. काडीच्या टोकानं हलकेच टेकवून पाहा. टोक काळं झालं तर फोम गेला. तो बदलल्याशिवाय आरसा साफ करण्यात अर्थ नाही, दोन दिवसांत पुन्हा तेच. आधी आरशावर स्वच्छ कागद अंथरा, म्हणजे मागच्या शटरच्या पडद्यावरही चुरा जाणार नाही. मग लाकडी काडीनं जुना फोम थोडा थोडा खरवडून काढा. स्पिरिट वापरायचं तर बोळा जेमतेम ओला हवा. जास्त झालं की काळा रस वितळून आरशावर ओघळतो आणि काम दुप्पट होतं.

आरशासाठी हातात धरायचा रबरी ब्लोअर घ्या. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा आणि खालून हवा मारा, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे तुषार उडतात. दाबाच्या हवेचा डबाही नको. त्यातून गार द्रव बाहेर येऊन डाग पडतो. बोटाचा ठसा मात्र हवेनं जात नाही. तेव्हाच शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओलावलेला नवा कापसाचा बोळा, आपल्या वजनानं जेवढा टेकेल तेवढाच टेकवून, एकाच दिशेनं एकदा फिरवा आणि टाकून द्या. दुसऱ्या वेळी दुसरा बोळा. आरशावर जोर दिला तर त्याचा कोन हलतो, आणि मग व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस बरोबर दिसूनही फोटो हुकतात.

नवा फोम बसला की लेन्स लावा आणि शटर एकदा दाबून कान देऊन ऐका. आधीचा कोरडा ‘खट्’ गेलेला असतो; आरसा वर टेकतो तो आता मऊ ‘थप्’ असा.