विंडोज कुणाच्या नावावर?

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला वळलं की दोन्ही अंगांना कॉम्प्युटरची दुकानं. मशीन असेंबल होत आलं की दुकानदार विचारतोच, "विंडोज टाकून देऊ ना?" गिऱ्हाईक मान डोलावतं. कुठल्या परवान्यावर, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

विचारायला हवं. पैसे मोजले तरी विंडोज आपल्या मालकीचं होत नाही. मिळते ती वापरायची परवानगी, तीही अटींसह.

लॅपटॉपमध्ये आधीच असलेलं विंडोज बहुतेक वेळा ओईएम परवान्याचं, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीनेच टाकून दिलेलं असतं. ते त्याच मशीनला बांधलेलं. लॅपटॉप विकला तर परवाना घेणाऱ्याकडे जातो. भंगारात गेला तर तिथेच संपतो. रिटेल, म्हणजे वेगळा विकत घेतलेला परवाना जास्त पैशांचा, पण जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. आणि व्हॉल्यूम परवाना कंपन्या, संस्था करार करून घेतात.

घोळ होतो तो इथे. याच करारातल्या 'की', म्हणजे विंडोज ॲक्टिव्हेट करायचे कोड, सुट्या करून काहीशे रुपयांत विकल्या जातात. की टाकली, ॲक्टिव्हेट झालं, गिऱ्हाईक खूश. पण ॲक्टिव्हेट होणं म्हणजे परवाना मिळणं नव्हे. ती की उद्या बंद झाली, तर गिरगावातला डीटीपीवाला ऐन लग्नसराईत कुणाकडे दाद मागणार?

आपल्या मशीनवर काय आहे, ते लगेच कळतं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. एस-एल-एम-जी-आर, एक स्पेस, मग स्लॅश डी-एल-आय टाइप करून एंटर दाबा. छोटी चौकट येते. तिच्यात ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसेल. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम दिसलं, तर विकणाऱ्याला जाब विचारा.

कायदाही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, 1957, कलम 63ब : बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकतं. दुकान चालवणाऱ्याला ती सवलत नाही. उलट, रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवायचा हक्क हाच कायदा देतो.

म्हणून पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या : विंडोजची आवृत्ती कुठली, होम की प्रो, आणि परवाना ओईएम की रिटेल.