रस्त्याला दारं असतात

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय अमेरिकेतल्या एका जुन्या हमरस्त्याचा, ‘रूट 66चा प्रवास : कधी, कसा, किती दिवसांत’. ते सगळं वहीत लिहून आणलंय आणि सांगणार आहे. पण आधी जे सांगायला मी खरं म्हणजे आले आहे ते सांगू द्या. घरी ऐकून ऐकून सगळे कंटाळलेत. तुम्ही मात्र शनिवारची दुपार मोडून आलात, म्हणजे तुमची तयारी दिसते.

मी या देशात तीस वर्षं रस्त्यांच्या आराखड्यांचं काम केलं. त्यातली अकरा वर्षं माझ्या टेबलावर एकाच प्रकारचे अर्ज यायचे. कुणाला शेतातून हमरस्त्यावर उतरायला वाट हवी, कुणाला पंपासमोर, कुणाला दुकानासमोर. इथे त्याला ड्राइव्हवे परमिट म्हणतात. मी मनात त्याला ‘दार’ म्हणायचे, रस्त्याला पाडलेलं दार. एका बाईंचा अर्ज होता. नवरा गेलेला, शेतात मका आणि भोपळे, आणि बांधावर एक टपरी टाकून ते विकायचा विचार. जागा रॅम्पपासून, म्हणजे महामार्गावर चढायच्या-उतरायच्या वाटेपासून, फार जवळ होती. नियम स्पष्ट होता आणि नियम बरोबरही होता, तिथे गाड्या एकमेकींवर आपटल्या असत्या. मी नकारावर सही केली. पुढच्या वर्षी तिथून जाताना पाहिलं तर टपरीचे चार खांब तसेच उभे होते, वर छप्पर नव्हतं. रूट 66वर मी गेले ती त्या चार खांबांमुळे.

आता रस्त्याबद्दल. 11 नोव्हेंबर 1926ला या रस्त्याला आकडा मिळाला, म्हणजे 2026मध्ये शंभर वर्षं. शिकागोपासून लॉस एंजेलिस आणि पुढे सँटा मोनिका, 2,448 मैल, आठ राज्यं. कॅन्ससमध्ये तर जेमतेम तेरा मैल. तुमच्यापैकी निम्मे लोक यावरून रोज ये-जा करतात आणि तुम्हाला ते ठाऊक नाही. जोलिएट रोड म्हणजे तोच. शिकागोच्या डाउनटाउनमध्ये ‘सुरुवात’ लिहिलेली तपकिरी पाटी अ‍ॅडम्स स्ट्रीटवर आहे आणि ‘शेवट’ लिहिलेली जॅक्सनवर, कारण जॅक्सन मध्येच एकेरी झाला. पाहुणे आले की त्यांना ‘बीन’ नावाचं ते चकचकीत शिल्प दाखवता, तिथून चालत पाच मिनिटांवर ही पाटी आहे. तीही दाखवत जा.

हा रस्ता कुणी नव्यानं आखलेला नव्हता, हे मुद्दाम लक्षात घ्या. टल्सा शहरातले सायरस एव्हरी नावाचे गृहस्थ रस्त्यांना आकडे देणाऱ्या समितीत होते. त्यांनी गावोगावचे जुने रस्ते एकाला एक जोडले. गाडीवाट, मक्याच्या शेतांच्या बांधावरून काटकोनात वळणारी वाट, गावाचा मेन स्ट्रीट, परत गाडीवाट. त्यांना खरं तर 60 हा आकडा हवा होता. केंटकीच्या गव्हर्नरांनी त्यावर हट्ट धरला आणि हे 66वर आले. पहिल्या वर्षी जेमतेम 800 मैल पक्के होते, बाकी माती, खडी, कुठे कुठे विटा. पूर्ण पक्का व्हायला 1938 उजाडलं. पण गावांची दारं या वाटांवर आधीपासून होती. घरं आधी आणि आकडा नंतर, असा हा रस्ता.

आणि आकडा लोकांच्या तोंडी बसावा म्हणून काय केलं असेल? शर्यत लावली! मोटारींची नव्हे, धावण्याची. 4 मार्च 1928ला लॉस एंजेलिसहून 199 माणसं पळायला लागली. रूट 66वरून शिकागो आणि तिथून न्यूयॉर्क, 3,423 मैल. पहिलं बक्षीस 25,000 डॉलर. त्यात ओक्लाहोमातल्या फॉइल नावाच्या खेड्यातला वीस वर्षांचा, चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीतल्या शेतकऱ्याचा पोरगा होता, अँडी पेन. बापाच्या शेतावर कर्ज होतं. आपण पंढरीची वाट चालणारी माणसं, पायांना काय होतं ते आपल्याला सांगायला नको. पण वारीत विठ्ठल असतो, सोबत असते, रोजचा टप्पा झेपेल एवढा असतो. इथे मोहावीचं वाळवंट, नंतर अ‍ॅरिझोनाची थंडी आणि दिवसाला कधी चाळीस, कधी पन्नास मैल. मी फॉइलला त्याच्या पुतळ्यासमोर उभी राहिले तेव्हा मनात एवढंच आलं की हा पोरगा शर्यतीत धावत धावत स्वतःच्या गावातून गेला होता. घरच्या वाटेसमोरून! आणि थांबला नाही. 84 दिवसांनी न्यूयॉर्कला पोचला तेव्हा 199 पैकी 55च उरले होते आणि हा पहिला आला. त्या पैशातून शेत सोडवलं. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी भरून येतं. आता तुम्ही म्हणाल, याचा दारांशी काय संबंध? आहे. त्या रस्त्यावर धावणारा माणूस लोकांना उंबऱ्यात उभं राहून पाहता आला. आज इंटरस्टेट 44 या द्रुतगती महामार्गावरून कोण धावेल आणि त्याला कोण पाहील?

त्या उंबऱ्यांवरच पुढे सगळं उभं राहिलं. 1930च्या दशकात ओक्लाहोमाच्या मैदानातली माती वाऱ्यानं उडाली, पीक बुडालं आणि माणसं गाद्या-भांडी गाडीवर बांधून याच रस्त्यानं कॅलिफोर्नियाला निघाली. त्यांना पेट्रोल लागे, टायर लागे, पाव लागे. ज्याचं घर रस्त्याला लागून, त्यानं अंगणात पंप लावला. त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरातून खाणं द्यायला सुरुवात केली. मागं चार खोल्या बांधल्या की झालं मोटेल. भांडवल कशाचं? दाराचं.

आता सेलिगमन. अ‍ॅरिझोनातलं हे गाव एवढंसं आहे, पण मी तिथे ठरवलेल्या एका तासाऐवजी दीड दिवस काढला. 22 सप्टेंबर 1978ला इंटरस्टेट 40 गावाच्या बाजूनं सुरू झाला. आदल्या दिवशीपर्यंत मेन स्ट्रीट ओलांडायला थांबावं लागायचं, दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा. गावात एंजल डेलगाडिलो यांचं केशकर्तनालय होतं. आधी वडिलांचं, मग यांचं. दुकानं बंद होत गेली, पण हे गृहस्थ खुर्ची सोडून गेले नाहीत. नऊ वर्षं सरकारच्या मागं लागले. फेब्रुवारी 1987मध्ये गावकऱ्यांना जमवून संघटना काढली आणि त्याच वर्षी राज्यानं सेलिगमन ते किंगमन हा तुकडा ऐतिहासिक रस्ता म्हणून जाहीर केला. तोवर नकाशावरून हा रस्ता पुसला गेला होता, 1985च्या जूनमध्ये आकडाच रद्द केला होता. एका न्हाव्यानं तो परत आणला. पुढे बाकीच्या राज्यांतही अशा संघटना निघाल्या. आज तुम्हाला ज्या तपकिरी पाट्या दिसतात, त्यांच्यामागं त्या न्हाव्याची ही चिकाटी आहे.

त्यांचे भाऊ ह्वान रेल्वेत नोकरीला होते. रेल्वेनं टाकून दिलेल्या लाकडांतून त्यांनी 1953मध्ये तिथेच एक खाण्याची जागा बांधली, स्नो कॅप. तिच्या दाराला दोन मुठी आहेत. उजवीकडची आपण ओढतो, ढकलतो, काही होत नाही. ती खोटी. खरी डावीकडे, बिजागरी असायला हवी त्या बाजूला. आत सगळे आपल्याकडे बघत असतात. मी अकरा वर्षं दारांचे अर्ज तपासले आणि या दारासमोर पूर्ण एक मिनिट उभी राहिले! ह्वान 2004मध्ये गेले, पण दार तसंच ठेवलंय. माझ्या मागं एक जर्मन कुटुंब होतं, मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनाही ती मूठ ओढू दिली आणि मग आम्ही सगळेच आत हसत गेलो. अनोळखी माणसांशी बोलणं सुरू व्हायला तेवढं पुरतं.

ग्लेनरिओही सांगायलाच हवं. हे गाव टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. टेक्सासच्या त्या काउंटीत दारूबंदी, म्हणून गुत्ते न्यू मेक्सिकोच्या बाजूला. न्यू मेक्सिकोत पेट्रोलवर कर जास्त, म्हणून पंप टेक्सासच्या बाजूला. मोटेलच्या पाटीवर एका अंगाला ‘टेक्सासमधलं शेवटचं’ आणि दुसऱ्या अंगाला ‘टेक्सासमधलं पहिलं’. सीमेचा एवढा नेटका उपयोग मी बेळगावकडेही पाहिला नाही. इंटरस्टेट आला आणि गाव संपलं. आज तिथे गवतातून वारा तेवढा ऐकू येतो. पाटीचा सांगाडा उभा आहे.

चिठ्ठी आलीये. बारा मिनिटं उरलीत. बरं, मग मुख्य मुद्दा भराभर सांगते.

लोक म्हणतात, नवा रस्ता वेगवान होता म्हणून जुना मेला. हे अर्धंच खरं आहे. 1956च्या कायद्यानं इंटरस्टेट आले, त्यात दोन गोष्टी होत्या. एक, त्यावर कुणाला दार पाडता येत नाही, चढायचं-उतरायचं ते फक्त एक्झिटवर. दोन, इंटरस्टेटच्या जागेत पंप किंवा खाणावळ चालवायला बंदी. आपल्या टोलवेवर जे ओएसिस, म्हणजे खाण्या-पेट्रोलचे थांबे, आहेत, ते टोलरस्त्याला वेगळा नियम म्हणून. गंमत बघा, ही बंदी गावातल्या दुकानदारांचं रक्षण व्हावं म्हणून होती. पण धंदा गेला एक्झिटच्या तोंडाशी, जिथे जमीन घ्यायला मोठ्या कंपनीचं भांडवल लागतं. अंगणात पंप लावणाऱ्याला तिथे जागा नव्हती. वेग वाढला याचं मला दुःख नाही. जुन्या रस्त्याला काही ठिकाणी ‘रक्ताळलेला 66’ म्हणत, इतकी माणसं त्या दोन पदरांवर मेली. इंटरस्टेटनं जीव वाचवले, हे मी माझ्या कामातून जाणते. माझं म्हणणं एवढंच की आपण हळहळतो ते डांबरासाठी नव्हे, दारांसाठी. मग जपायची तीही दारंच. पाट्या रंगवून आणि जुनी मोटार कोपऱ्यात उभी करून भागणार नाही. मोटेल चालवणारा, डायनर चालवणारा टिकला पाहिजे.

आणि ही दारं सगळ्यांना उघडी नव्हती. हे सांगितल्याशिवाय जुन्या दिवसांचं कौतुक करायचा मला हक्क नाही. या रस्त्यावर कित्येक गावं अशी होती की सूर्य मावळल्यावर काळ्या माणसानं तिथे थांबायचं नाही. हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ग्रीन यांनी 1936पासून एक पुस्तिका काढली : कुठल्या गावात काळ्या माणसाला खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल. ओक्लाहोमात लूथरजवळ थ्रेट कुटुंबाचा दगडी पंप अजून उभा आहे, काळ्या मालकाचा. तिथे जरूर थांबा. नंतर आपल्याही, म्हणजे भारतीयांच्याही, वाट्याला थोडं आलं. गावं ओस पडली तेव्हा मोटेल स्वस्तात विकायला निघाली आणि सुरत-नवसारीकडच्या पटेल मंडळींनी ती घेतली. कुटुंब ऑफिसच्या मागंच राहायचं, सगळ्यांनी मिळून चादरी बदलायच्या. त्यावर शेजारच्या मोटेलवाल्यांनी ‘अमेरिकन मालकीचं’ अशा पाट्या लावल्या, विमा कंपन्यांनी विमा नाकारला. त्यातून 1989मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. न्यू मेक्सिकोत एका रात्री मी काउंटरवरची घंटा वाजवली तर मागच्या दारातून आधी फोडणीचा वास आला आणि मग मालकीणबाई. नोंदवहीत माझं नाव वाचलं आणि म्हणाल्या, “बेन, जमीने आव्या?” मी जेवून आले होते, तरी बसले. त्यांच्या सासऱ्यांनी ते मोटेल घेतलं तेव्हा निऑनची पाटी बंद होती. त्यांनी सगळ्यात आधी ती दुरुस्त केली.

पाच मिनिटं? ठीक. प्रवास कसा करावा.

दोन आठवडे हाताशी ठेवा. कमी असतील तर एकच राज्य करा, पण नीट करा. मे किंवा सप्टेंबर बरा, जुलैत मोहावीत जाऊ नका. फोनचा नकाशा तुम्हाला सारखा इंटरस्टेटवर ढकलेल, म्हणून वळणावळणाचा छापील नकाशा मांडीवर हवा आणि तो वाचणारं माणूस शेजारी. ओक्लाहोमात मायॅमीजवळ नऊ फूट रुंदीचा जुना तुकडा आहे, एका गाडीपुरता. तिथे हळू जा आणि समोरून कुणी आलं तर एक चाक खाली उतरवा. जुन्या काँक्रीटच्या लाद्यांवर काचा उघड्या ठेवा, दर सांध्यावर टायरचा ठेका ऐकू येतो. अ‍ॅरिझोनात किंगमनहून ओटमनला जाणारा घाट मोठ्या गाडीनं करू नका. ओटमनमध्ये खाणकामगारांच्या गाढवांची पिल्लावळ रस्त्यात उभी असते, त्यांना वाट द्यावी लागते. मुक्कामाचं आगाऊ बुकिंग एक्झिटवरच्या साखळी हॉटेलात करू नका. गावात शिरा, पाटी पेटलेली असेल तिथे घंटा वाजवा. पैसे त्या दारातून आत जाऊ द्यात.

आणि ज्यांना दोन आठवडे नाहीत, त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी आम्ही दोघं सकाळी सातला अ‍ॅडम्स स्ट्रीटच्या पाटीपासून निघतोय. जोलिएट, ड्वाइट, पाँटिअ‍ॅकचं रूट 66 म्युझियम आणि संध्याकाळी परत. मागच्या टेबलावर कागद ठेवलाय. गाडीत तीन जागा आहेत. डबा आणू नका, वाटेतल्या डायनरमध्ये जेवायचं आहे.