नेमसर्व्हरची किल्ली कुणाच्या खिशात?

(सांगलीत नेटवर्क सांभाळणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

“रिस्टार्ट मारलं की काम भागतं, मग आरएनडीसी कशाला शिकायचं?” असा प्रश्न मगाशी मागच्या रांगेतून आला. आरएनडीसी म्हणजे चालू नेमसर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, आज्ञा देण्याचं साधन. प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच चालतं. झोन फाइलमध्ये, म्हणजे एखाद्या डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, एक ओळ बदलली की मारा रिस्टार्ट. काम भागतं खरं, पण बाइंडने, म्हणजे नेमसर्व्हरच्या सॉफ्टवेअरने, जमवलेली सगळी कॅशे (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) रिकामी होते आणि सर्व्हर उठून झोन लोड करेपर्यंत आलेले प्रश्न वाऱ्यावर. पतसंस्थेत काउंटरवर रांग लागलेली असताना करून बघा, साहेबांचा फोन येईलच. आरएनडीसीला ‘रिलोड’ म्हणून पुढे झोनचं नाव दिलं तर तेवढाच झोन नव्याने वाचला जातो, बाकी कुणाला पत्ताही लागत नाही. गंमत म्हणजे आरएनडीसीच्या मदतीच्या यादीत बरीच वर्षं ‘रिस्टार्ट’ होतं, पण त्याच्यापुढे चांदणी आणि खाली तळटीप: अजून तयार नाही.

बाइंड ८ मध्ये याच कामासाठी एनडीसी होतं. २००० साली बाइंड ९ आलं आणि त्याच्यासोबत आरएनडीसी. ते टीसीपीच्या ९५३ नंबरच्या पोर्टवरून सर्व्हरशी बोलतं आणि प्रत्येक आज्ञेवर गुप्त किल्लीने सही करतं. ही सही पोस्टकार्डावरच्या सहीसारखी समजा. मजकूर वाटेत कुणीही वाचू शकतो, पण तुमच्या नावाने खोटं कार्ड धाडू शकत नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण ‘किल्ली आहे म्हणजे सगळं एन्क्रिप्ट झालं’ असं समजणारे पुष्कळ भेटतात.

एकाच मशीनवरचं काम असेल तर मांडणी दोन मिनिटांची आहे. ‘आरएनडीसी-कॉन्फजेन’ला ‘-ए’ लावून चालवा. ते आरएनडीसी डॉट की नावाची फाइल तयार करतं. नेम्ड डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलमध्ये, ‘कंट्रोल्स’ हा भाग लिहिलेलाच नसेल तर सर्व्हर आपणहून १२७.०.०.१ वर (मशीनचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता) ऐकायला बसतो आणि तीच किल्ली वापरतो. ‘-ए’ न लावता चालवलं तर मात्र सगळा मजकूर स्क्रीनवर येतो. वरचा अर्धा आरएनडीसी डॉट कॉन्फ या आरएनडीसीच्या स्वतःच्या मांडणीच्या फाइलसाठी आणि खालचा अर्धा, प्रत्येक ओळीपुढे हॅश लावलेला, नेम्ड डॉट कॉन्फसाठी. माणसं वरचा भाग चिकटवतात, खालचा ‘कॉमेंट आहे’ म्हणून सोडून देतात आणि मग तासभर डोकं धरून बसतात. दुसरी भानगड म्हणजे कॉन्फ आणि की या दोन्ही फाइली शिल्लक राहणं. आरएनडीसी कॉन्फ वापरतं, तुम्ही बदल करत असता की फाइलमध्ये. नव्या आवृत्त्या तशी ताकीद देतात, पण ताकीद वाचतो कोण!

जोडणी नाकारली गेली की आरएनडीसी कारणांची यादीच पुढे टाकतं: प्रोटोकॉल जुना असेल, या मशीनला परवानगी नसेल, घड्याळं जुळत नसतील, अल्गोरिदम चुकला असेल किंवा किल्ली चुकीची असेल. यातलं कुठलं, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये बघा. तिथे ‘बॅड ऑथ’ दिसलं तर किल्ली, ‘क्लॉक स्क्यू’ दिसलं तर घड्याळ. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की सर्व्हर आज्ञा नाकारतो, नाहीतर कुणीतरी जुनी आज्ञा पकडून पुन्हा पाठवू शकेल. सेल उतरलेल्या जुन्या मशीनवर आधी एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू करा, किल्लीला नंतर हात लावा.

आता दुरून चालवण्याचं बोलू. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका, हे सांगलीत कुणाला शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या आसपास गेली होती. गावभागातल्या ऑफिसात सर्व्हर असेल तर तिथवर जाणार कोण? वेबसाइट पुण्याला हलवायची ठरली तरी जुन्या रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा) ८६४०० सेकंद असेल तर लोकांच्या रिझॉल्व्हरमध्ये, म्हणजे त्यांच्या वतीने नावं विचारणाऱ्या सर्व्हरमध्ये, जुना पत्ता दिवसभर राहणार. म्हणून ४० फुटांचा इशारा आला की तेव्हाच टीटीएल ३०० वर आणा, सिरियल (झोनच्या आवृत्तीचा नंबर) वाढवा, ‘नेम्ड-चेकझोन’ने फाइल तपासा आणि रिलोड द्या. झोन डायनॅमिक (सर्व्हर चालू असतानाच बदल घेणारा) असेल तर फाइलला हात लावण्याआधी ‘फ्रीझ’ देऊन ते बदल थांबवा आणि नंतर ‘थॉ’ देऊन पुन्हा चालू करा. सेकंडरी सर्व्हर (झोनची प्रत ठेवणारा) बाहेरगावी असला तरी प्रायमरी, म्हणजे मूळ सर्व्हर, बंद पडल्यावर तो एसओए या झोनच्या मुख्य नोंदीतल्या एक्स्पायर या मुदतीपुरताच तग धरतो. १९९६ च्या आरएफसी १९१२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजामध्ये हा आकडा दोन ते चार आठवडे ठेवायला सांगितलं आहे. पूर चार दिवसांत ओसरतोच असं नाही.

हे सगळं करायला ९५३ पोर्ट इंटरनेटवर उघडायचं का? माझं मत विचाराल तर मुळीच नाही. लूपबॅकवरच, म्हणजे त्या १२७.०.०.१ वरच ठेवा, एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या सोयीने) आत या आणि आरएनडीसी तिथेच चालवा. चार सर्व्हरवर एका जागेवरून नजर ठेवायची असेल तर ‘कंट्रोल्स’मध्ये वेगळा पत्ता द्या, ‘अलाउ’मध्ये फक्त त्या एका मशीनचा आयपी घाला, वेगळी किल्ली करा आणि ‘रीड-ओन्ली येस’ लिहा. बाइंड ९.११ पासून ही सोय आहे. त्या किल्लीने ‘स्टेटस’ किंवा ‘झोनस्टेटस’ विचारता येतं, ‘स्टॉप’ देता येत नाही.

शेवटी किल्ली बदलण्याबद्दल, कारण सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर ती राहिलेली असतेच. इथे एक फास आहे. नवी किल्ली तयार करून लगेच ‘रिकॉन्फिग’ (मांडणीची फाइल पुन्हा वाचण्याची आज्ञा) दिलंत तर आरएनडीसी नव्या किल्लीने सही करणार, चालू सर्व्हरला ठाऊक फक्त जुनी, म्हणजे ‘बॅड ऑथ’. म्हणून जुन्या फाइलची प्रत आधी बाजूला काढा आणि ‘-के’ लावून त्याच प्रतीने रिकॉन्फिग द्या. प्रत ठेवलीच नसेल तर प्रोसेसला हँगअप सिग्नल पाठवा, सर्व्हर कॉन्फिगरेशन पुन्हा वाचतो. नवी फाइल बाइंडच्या युजरला वाचता येते का ते आधी बघा. नव्या किल्लीने ‘स्टेटस’ला उत्तर आलं की जुनी प्रत खुशाल पुसून टाका.