खांद्यावरचा हात: कॉमिक्समधले खलनायक बाप

(दृश्य: टेबलावर ११ बाय १७ इंचांचा जाड कागद. निळ्या पेन्सिलीच्या रेषांवरून निब फिरते आहे. पुरुषाचा हात, मुलीचा खांदा.)

या पानावर पाच चौकटी आहेत आणि पाचही चौकटींत एकच हात आहे. पहिल्या चौकटीत तो मुलीच्या पाठीवर आहे, दुसरीत खांद्यावर. तिसरीत अंगठा मानेकडे सरकलाय. चौथ्या चौकटीत मुलगी वळून बघायला जाते, तेव्हा बोटं जराशी रुततात आणि सदऱ्याला चुण्या पडतात. पाचव्या चौकटीत मुलगी पुन्हा समोर बघतेय.

पानभर बाप प्रेमानेच बोलतो. आवाज चढत नाही, धमकी नाही. पहिल्या वाचनात हा हात मायेचाच वाटायला हवा. वाचक मुलीच्या आधी सावध झाला, तर उरलेला अंक तो फक्त बाप कधी सापडतोय याची वाट बघत उलटतो. मुलीबरोबर तोही फसला, तरच ती का फसली ते त्याला कळतं.

(दृश्य: कॅमेरा मागे येतो. टेबलावर पसरलेली २२ पानांची लहान लहान कच्ची रेखाटनं.)

कथा अशी. बाप एका मोठ्या धरणाचा मुख्य अभियंता. पुराच्या रात्री त्याने दरवाजे उघडले, शहर वाचलं, खालची वस्ती गेली. कळ मात्र त्याने स्वतः दाबली नाही, चौदा वर्षांच्या मुलीला दाबायला लावली. "तुझ्याइतका विश्वास मी कुणावर टाकू?" हे त्याचं वाक्य. पुढे आयुष्यभर तो तिला सांभाळतो, शिकवतो, जपतो. आणि त्या रात्रीबद्दल कुणी विचारायला आलं, की तिला आठवण करून देतो की कळ कुणाच्या बोटाखाली होती. वस्तीचं काय झालं ते सतराव्या पानावर दोन चौकटींत येतं.

शहर खरोखरच वाचलं, हे इथे महत्त्वाचं. खलनायकाचं कारण खोटं ठेवलं, तर त्याला खोडून काढणं सोपं होतं आणि कथा तिथेच बसते. कारण खरं, हिशेब बरोबर, पण किंमत चुकवायला पुढे केलं दुसऱ्याला. गुंता तिथून तयार होतो.

(दृश्य: जुन्या अमेरिकन अंकांची मुखपृष्ठं. कोपऱ्यातल्या शिक्क्यावर कॅमेरा जवळ जातो.)

असा बाप काढणं एके काळी जवळपास अशक्य होतं. हा कोपऱ्यातला शिक्का पाहा. १९५४ साली अमेरिकेतल्या बहुतेक कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता लागू करून घेतली, कॉमिक्स कोड. हा शिक्का तिच्याच मंजुरीचा. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल अशा रीतीने गुन्हा दाखवायचा नाही. दर वेळी चांगल्याचाच विजय व्हायला हवा आणि गुन्हेगाराला शिक्षा. आणि आईवडिलांबद्दलचा आदर वाढीला लागेल असंच लिहायचं. या तिन्ही अटी एकत्र वाचल्या, की मुलांना वापरून घेणाऱ्या, तरीही काही अंशी बरोबर असलेल्या बापाला शिरायला फटच उरत नाही. १९७१ मध्ये कोड सैल झाला आणि गुन्हेगाराकडे क्वचित सहानुभूतीने पाहायला मुभा मिळाली.

(दृश्य: पिवळट पानं उलटली जातात. गुहेत उभा हिरव्या झग्यातला माणूस.)

त्याच वर्षी 'बॅटमॅन'च्या २३२ व्या अंकात रास अल घुल आला. लेखक डेनिस ओ'नील, चित्रं नील अ‍ॅडम्सची. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन याचं अपहरण झालंय. हा माणूस थेट बॅटमॅनच्या गुहेत येऊन सांगतो की माझ्या मुलीलाही त्यांनीच नेलंय, आपण मिळून शोधू. दोघं निघतात. शेवटी उघड होतं की सगळा बनाव त्याचाच होता. त्याला वारस हवाय, जावई पारखून घ्यायचाय. मुलीचं, तालियाचं, बॅटमॅनवर प्रेम आहे आणि ते खरं आहे. बापाने तेच गळाला लावलं. मुलीच्या खऱ्या भावनेला आपल्या कामाला जुंपणं, ही या प्रकारच्या बापाची सगळ्यात ओळखू येणारी खूण.

मॅग्नेटोला मात्र असा गुंता वाट्याला यायला फार वाट पाहावी लागली. १९६३ साली 'एक्स-मेन'च्या पहिल्याच अंकात तो आला, तेव्हा निव्वळ गर्जना करणारा खलनायक होता. पुढच्या वर्षी चौथ्या अंकात वांडा आणि पिएत्रो ही भावंडं त्याच्या टोळीत दिसतात. जमावाच्या तावडीतून त्याने वांडाला सोडवलेलं असतं, आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली दोघं त्याचं ऐकत राहतात. ही त्याचीच मुलं असल्याचं १९८०च्या दशकात सांगितलं गेलं आणि पुढे ते नातं पुन्हा पुसलंही. पण बापपणाची यंत्रणा १९६४ पासूनच चालू होती: जीव वाचवायचा आणि त्याची परतफेड कधी संपूच द्यायची नाही.

(दृश्य: १९८१ चा अंक. लाल शिरस्त्राण घातलेला माणूस गुडघ्यांवर, हातांत मुलीचं निपचित शरीर.)

हा 'एक्स-मेन'चा १५० वा अंक, १९८१ चा. लेखक ख्रिस क्लेरमॉन्ट. लढता लढता मॅग्नेटो एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर वार करतो आणि तिला आपण मारलंच असं समजून थिजतो. ती पोरसवदा आहे. आउशवित्झच्या छळछावणीतलं त्याचं बालपण पहिल्यांदा उघड होतं ते या अंकात. भूतकाळ कुठे ठेवलाय ते पाहा: गुन्ह्याच्या आधी नाही, गुन्ह्याच्या नंतर. आधी ठेवला असता तर ती सबब झाली असती. नंतर ठेवल्यामुळे तो आरोप झाला. जे त्याने सोसलं, तेच तो आता दुसऱ्याच्या लेकराला देतोय, आणि ते त्याचं त्यालाच दिसतं.

नव्या लेखकांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. खलनायकाला माणूस करायचं म्हणून अंकाच्या शेवटी तीन पानं त्याचं दुःखी बालपण ओततात. वाचक विरघळतो आणि खलनायकाने ज्याच्यावर अन्याय केला ते मूल कथेतून गायब होतं. भूतकाळाला एक पान पुष्कळ झालं, आणि त्या पानावर मूल हजर हवं. ऐकणारं, प्रश्न विचारणारं, निदान एका चौकटीत तरी.

(दृश्य: संगणकाचा पडदा. माउसने संवादाचा फुगा सरकवला जातोय.)

आता लेटरिंग, म्हणजे संवादाचे फुगे आणि त्यांतली अक्षरं मांडणं. या कामाचं श्रेय कमी मिळतं, पण बापाची पकड इथे तयार होते. डोळा चौकटीत वर डावीकडून शिरतो, म्हणून बापाचा फुगा तिथे. मुलीचा खाली उजवीकडे, आधीच उत्तर ठरल्यासारखा. बापाच्या फुग्याची कड पुढच्या, फक्त मुलीच्या चौकटीत थोडी घुसवली आहे. ती एकटी असतानाही त्याचं वाक्य तिच्या डोक्यावर लोंबतं. मुलीच्या फुग्यात अक्षरं तेवढीच, भोवतीची पांढरी जागा मोठी. त्यामुळे आवाज बारीक वाटतो.

एका फुग्यात २५ शब्दांच्या वर गेलं की तो तोडायचा, दोन फुगे जोडून द्यायचे. गोड बोलून गुंडाळणारा माणूस भाषण ठोकत नाही. छोटी वाक्यं टाकतो, थांबतो आणि समोरच्याने विचारलेलंच नाही अशा प्रश्नाचं उत्तर देतो. मुलगी विचारते, "त्या रात्री खाली किती लोक होते?" बाप म्हणतो, "तू जेवलीस का?"

(दृश्य: दोन कच्ची रेखाटनं शेजारी. एकात तिरक्या भुवया, खालून पडणारा उजेड. दुसऱ्यात साधा, थकलेला चेहरा.)

डावीकडचं रेखाटन बाद झालं. तिरक्या भुवया आणि हनुवटीखालचा उजेड दिसला, की वाचकाला दुसऱ्या पानावरच सगळं समजतं. बापाला सतत खालच्या कोनातून, डोंगराएवढा काढणं हीही तीच चूक. इथे तो बहुतेक चौकटींत मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे, कारण तो तिच्याशी बोलताना मुद्दाम वाकतो. खालचा कोन एकदाच वापरलाय, कळ दाबायच्या चौकटीत.

२००३ साली सुरू झालेल्या 'इन्व्हिन्सिबल' या मालिकेने हाच संयम पाळला. पहिले सहा अंक महानायक ऑम्नी-मॅन हा चांगला बाप, चांगला नवरा. सातव्या अंकात तो आपल्याच सहकाऱ्यांना ठार मारतो. पुढे मुलाशी झालेल्या लढाईत माणसं मरतात ती मरतातच. सहा अंकांचा धीर धरला नसता, तर सातव्याला धारच आली नसती.

(दृश्य: पानं क्रमाने लावली जातात. बोट उजव्या पानाच्या कडेवर.)

डावीकडून उजवीकडे वाचायच्या छापील अंकात उजवं पान विषम क्रमांकाचं असतं. धक्का सम पानावर, म्हणजे पान उलटल्यावर दिसला पाहिजे. मध्ये एक पान वाढलं किंवा जाहिरात शिरली, की सगळं एकाने सरकतं आणि रहस्य समोरच्या पानावर आधीच उघडं पडतं. म्हणून पानांचा क्रम प्रकाशकाकडून आधी पक्का करून घ्यायचा. फोनवर पडदा सरकवत एकेक चौकट वाचली जाते, तिथे पान उलटण्याचा उपयोग नाही. धक्क्याच्या आधी लांब रिकामी जागा सोडावी लागते.

(दृश्य: शेवटचं पान. निब थांबते, पुसली जाते, पुन्हा शाईत बुडते.)

शेवटच्या पानावर बाप माफी मागतो. या माफीचे चार खर्डे झाले. पहिल्या तिन्हींत कुठे ना कुठे "तुझ्यासाठीच" हा शब्द होता, आणि तो शब्द असेपर्यंत माफीसुद्धा गळच आहे. चौथ्यात तो खोडला, तेव्हा माफी तीन शब्दांची उरली. खरी की खोटी, ते पानावर सांगितलेलं नाही. हात यावेळी त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर आहे. मुलीच्या चौकटीत फुग्यासाठी जागाच सोडलेली नाही. ती बोलेल पुढच्या अंकात, पहिल्या पानावर, वर डावीकडे.