उपग्रहाला उत्सर्जन दिसत नाही

एक गैरसमज आधीच दूर करू या. कारखान्यातून किंवा गळतीतून किती मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ते उत्सर्जन उपग्रह मोजत नाही, तो प्रकाश मोजतो. जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशातला किती भाग मिथेनने २.३ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइडने १.६ मायक्रॉनच्या आसपास शोषला, एवढंच त्याला कळतं. त्यावरून हवेच्या उभ्या स्तंभातला वायू काढतात. 'ताशी किती टन' हे त्याच्याही पुढचं गणित आहे, आणि घोळ होतो तो तिथेच.

हवेत धूळ असली की प्रकाशाची वाट लांबते किंवा आखूड होते, आणि वायू उगाच जास्त-कमी भासतो. म्हणून २०१४ साली सोडलेल्या ओसीओ-२ या कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या उपग्रहावर ऑक्सिजन जिथे प्रकाश शोषतो तो ०.७६ मायक्रॉनचा पट्टा मोजण्याचीही सोय आहे. हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे वाटेची लांबी त्यावरून ताडता येते. ढगांपुढे मात्र इलाज नाही.

कार्बन डायऑक्साइड पकडणं अवघड, कारण तो मुळातच ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत ४२० भाग) घरात आहे. मोठ्या औष्णिक वीजकेंद्राचा लोटसुद्धा (वाऱ्याबरोबर पसरणारा वायूचा पट्टा) काही किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये जेमतेम एक-दोन पीपीएमची भर घालतो. मिथेन हवेत दोन पीपीएमपेक्षाही कमी, म्हणून मोठी गळती उठून दिसते. सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण रोज जवळपास सगळी पृथ्वी पाहतं, पण त्याचा पिक्सेल साडेपाच बाय सात किलोमीटरचा. ते इलाखा दाखवतं. नेमकी विहीर किंवा झडप शोधायला जीएचजीसॅटसारखे सुमारे २५ मीटरपर्यंत पाहणारे उपग्रह तिकडे वळवावे लागतात.

आता गणित. समजा, लोटात आसपासच्या नेहमीच्या हवेपेक्षा १,००० किलो जादा मिथेन आहे, लोटाची लांबी २ किलोमीटर आणि वारा सेकंदाला ४ मीटर. वस्तुमानाला वाऱ्याने गुणा, लांबीने भागा: सेकंदाला २ किलो, म्हणजे ताशी ७.२ टन. वारा प्रत्यक्षात ३ मीटर असेल, तर हाच आकडा ५.४ वर येतो. चित्र तेच, पिक्सेल तेच! आणि हा वारा उपग्रह मोजत नाही, तो बहुतेक वेळा हवामानाच्या संगणकी प्रारूपातून (मॉडेलमधून) घेतलेला असतो. म्हणून वाऱ्याचा स्रोत आणि त्रुटीची मर्यादा न देता छापलेला आकडा मी तरी मानत नाही.

खोटे लोटही दिसतात. काही छपरांचा, सौरपॅनलांचा वर्णपट मिथेनसारखा भासतो. 'लोटा'ची कड रस्त्याला किंवा छपराला धरून जात असेल, वाऱ्याच्या दिशेने पसरत नसेल, तर तो वायू नव्हे.

शेवटचा मुद्दा वर्षाच्या बेरजेचा. उपग्रहाच्या त्या जागेवरच्या एका फेरीतला आकडा वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणून वार्षिक उत्सर्जन काढलेलं दिसलं, तर एकूण फेऱ्या किती झाल्या ते विचारा. गळती न दिसलेल्या फेऱ्या सरासरीत धरल्या का, हेही विचारा. आणि त्यातल्या किती फेऱ्यांत आकाश स्वच्छ होतं, किती ढगांमुळे वाया गेल्या, याचा हिशेब वेगळा मागा, कारण ढगाखालची गळती शून्य नसते.