खेळाडूची ओळख व्हायला वेळ लागतो

मित्रहो,

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॉली, डरम आणि चॅपल हिल यांच्या त्रिकोणात, नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला लवकरच कोणीतरी विचारते, "तुम्ही ड्यूकचे, कॅरोलायनाचे की (नॉर्थ कॅरोलायना) स्टेटचे?" तिन्ही विद्यापीठे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि तिन्ही कॉलेज बास्केटबॉलमध्ये कधी ना कधी राष्ट्रीय विजेती ठरलेली आहेत. त्यामुळे तटस्थ राहण्याची सोय इथे फारशी नाही. मी स्टेटचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या विवेचनातला पक्षपात तुम्हाला वजा करून घेता येईल.

आजच्या बास्केटबॉलविषयी चाहत्यांच्या गप्पांत एक तक्रार सतत कानावर पडते, ती म्हणजे पैशाने खेळ नासवला. मला हे निदान पटत नाही. पैसा या खेळात आधीपासूनच होता, फक्त तो खेळाडूंच्या हाती पडत नव्हता. 2010 साली एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेने, मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरना विकले, तेव्हा त्या स्पर्धेत छाती फुटेस्तोवर धावणाऱ्या मुलाला स्वतःची सही असलेला टी-शर्ट विकून चार पैसे मिळवण्याचीही मुभा नव्हती. प्रशिक्षकांचे पगार मात्र लाखो डॉलरांत होते. 2021 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा मताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला आणि लगेच 1 जुलैपासून खेळाडूंना आपले नाव, छबी आणि प्रसिद्धी यांचा मोबदला घेता येऊ लागला. 2025 च्या जूनमध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी सगळे खेळ मिळून त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर ठरली. हे सगळे न्याय्यच झाले. उशिरा झाले, एवढीच काय ती तक्रार.

मग बिघडले काय? माझे म्हणणे असे आहे की खेळाडू आणि प्रेक्षक यांची ओळख व्हायला काही काळ जावा लागतो, आणि तो काळ कॉलेजच्या खेळातून निसटला आहे. पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या खेळाडूला साधारणपणे एक मोसम बाकावर बसून काढावा लागे. 2021 मध्ये एकदा विनाअट बदलाची परवानगी मिळाली आणि 2024 पासून अभ्यासाची अट पाळली की कितीही वेळा जाता येते. 2025 च्या वसंतात पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतल्या दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव नोंदवले. संघांची संख्या 360 च्या घरात आहे, म्हणजे सरासरी प्रत्येक संघातून पाच-सहा जण निघाले. बास्केटबॉलमध्ये एका वेळी खेळतात पाच.

याचा अर्थ नीट कळावा म्हणून आपल्याच राज्यातले उदाहरण घेतो. पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला स्टेफन करी 2006 मध्ये डेव्हिडसनला गेला. त्याचे वडील डेल करी शार्लट हॉर्नेट्स या एनबीए संघाचे नावाजलेले खेळाडू, तरीही किरकोळ अंगकाठीच्या या पोराकडे मोठ्या विद्यापीठांनी पाठ फिरवली होती. डेव्हिडसन म्हणजे जेमतेम सतराशे-अठराशे विद्यार्थ्यांचे कॉलेज. 2008 च्या मार्चमध्ये त्यांचे पहिले दोन सामने इथे रॉलीतच झाले. गोन्झागाविरुद्ध करीने 40 गुण केले. जॉर्जटाउनविरुद्ध संघ 17 गुणांनी मागे असताना त्याने सामना फिरवला आणि 30 गुणांवर थांबला. पुढे डेट्रॉइटमध्ये विस्कॉन्सिन हरले, आणि अंतिम चारांच्या उंबरठ्यावर कॅन्ससने डेव्हिडसनला 59-57 असे रोखले. कॉलेजच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांना डेट्रॉइटला नेण्यासाठी बसगाड्यांचा खर्च उचलला होता. करी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता आणि नंतर आणखी एक वर्ष तिथेच राहिला. आजच्या व्यवस्थेत तो पहिल्या वर्षानंतरच, एखाद्या बड्या विद्यापीठाने मोठी रक्कम पुढे केल्यावर, निघून गेला असता, आणि त्याला नावे ठेवायला मी तरी धजावलो नसतो. पण मग 2008 चे डेव्हिडसन झालेच नसते.

2022 मध्ये न्यू जर्सीतल्या सेंट पीटर्सने पंधरावे मानांकन असताना केंटकीला हरवून थेट अंतिम आठांत धडक मारली. काही आठवड्यांत त्यांचे प्रशिक्षक सीटन हॉलला गेले आणि प्रमुख खेळाडूही पांगले. 2025 च्या स्पर्धेत शेवटचे सोळा संघ फक्त चार बड्या परिषदांचे (विद्यापीठांच्या साखळी गटांचे) होते, त्यांपैकी सात एकट्या एसईसी परिषदेचे, आणि अंतिम चारही अव्वल मानांकितच. अंतिम सामना अप्रतिम झाला, फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 असे हरवले. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला वॉल्टर क्लेटन दोन वर्षांपूर्वी आयोना या छोट्या कॉलेजात खेळत होता. छोटे कॉलेज खेळाडू घडवते आणि मोठे विद्यापीठ तो उचलते. हा क्रम आता अपवाद राहिलेला नाही.

इथे स्टेटचे लोक मला अडवतील, आणि अडवायलाच हवे. 2024 चा आमचा संघ याच पोर्टलने दिला. मोसमातले शेवटचे चार सामने ओळीने हरून, दहाव्या मानांकनाने तो संघ वॉशिंग्टनला एसीसी या आमच्या परिषदेच्या स्पर्धेसाठी गेला. तिथे विजेता व्हायचे तर पाच दिवसांत पाच सामने जिंकायला हवे होते. उपांत्य सामन्यात पाचेक सेकंद उरली होती, व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे होती, आणि त्यांच्या खेळाडूचा फ्री थ्रो हुकला. मायकल ओकॉनेल चेंडू घेऊन धावत सुटला आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून, तोल सांभाळता सांभाळता, त्याने चेंडू फेकला. तो फळ्यावर आदळला, कडीवर घुटमळला आणि आत पडला. जादा वेळेत स्टेट जिंकले, दुसऱ्या दिवशी कॅरोलायनाला हरवून 1987 नंतरचे पहिले विजेतेपद घेतले, आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकलाही घरी पाठवून अंतिम चारांत पोचले. ओकॉनेल आला होता स्टॅनफर्डहून. आडव्या बांध्याचा, डाव्या हाताने नाजूकपणे चेंडू सोडणारा डीजे बर्न्स विन्थ्रॉपहून आला होता, डीजे हॉर्न ॲरिझोना स्टेटहून, केसी मोर्सेल व्हर्जिनियाहून आणि मोहम्मद दियारा मिझुरीहून. पाचही जण बाहेरचे. तेव्हा पोर्टल बंद करा, असे मी म्हणू शकत नाही. एवढेच नोंदवतो की त्या संघातल्या बहुतेकांची नावे आम्हाला पाठ झाली तेव्हा त्यांचा जाण्याचा दिवस जवळ आला होता, आणि पुढच्याच वर्षी स्टेट इतके घसरले की ज्या प्रशिक्षकाने हा पराक्रम घडवला त्यालाच काढून टाकण्यात आले.

आता व्यावसायिक खेळाकडे वळतो. गंमत अशी की आज स्थैर्याचे नियम व्यावसायिक लीगमध्ये आहेत आणि हौशी म्हणवणाऱ्या कॉलेजच्या खेळात ते नाहीत. एनबीएत बहुवर्षीय करार आहेत, वेतनमर्यादा आहे, खेळाडूंची संघटना आहे आणि उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा करारानेच खेळाडूंचा आहे. खर्चाची सर्वांत वरची मर्यादा ओलांडणाऱ्या संघांवर 2023 च्या करारापासून इतकी कडक बंधने आली की 2024 चे विजेते बोस्टन सेल्टिक्स वर्षभरात मोडावे लागले. अशा सगळ्या नियमांचा एकत्रित परिणाम म्हणून 2019 ते 2025 या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले, शेवटचे ओक्लाहोमा सिटी. आयपीएलच्या लिलावासारखी उलथापालथ इथे दरवर्षी होत नाही, पण एकाच संघाचे वर्चस्वही टिकत नाही.

एनबीएवरची नेहमीची तक्रार तीन गुणांच्या फेकींची. 1979-80 मध्ये ही रेषा आली तेव्हा एक संघ सामन्यात सरासरी तीनही प्रयत्न करत नसे. 2024-25 मध्ये ही सरासरी 37 च्या पुढे गेली आणि बोस्टनने तर 48 गाठली. यामागचा हिशेब शाळकरी आहे. लांबून मारलेली दोन गुणांची फेक शंभरात चाळीस वेळा पडली तर 80 गुण मिळतात. दोन पावले मागे सरकून मारलेली पस्तीसच वेळा पडली तरी 105 मिळतात. जुने चाहते याला रटाळपणा म्हणतात. त्यांनी 1979 सालचा ड्यूक-कॅरोलायना सामना आठवावा. कॅरोलायनाने चेंडू नुसता खेळवत ठेवला, मध्यांतराला धावफलक ड्यूकच्या बाजूने 7-0 होता आणि दुसऱ्या अर्धात बरोबरी होऊन ड्यूक 47-40 असे जिंकले. कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या या चार कोपऱ्यांच्या डावपेचाला कंटाळूनच पुढे कॉलेजात फेकीसाठी सेकंदांची मर्यादा आली. एनबीएत ती 1954 पासूनच होती. खेळ कधी आपोआप सुंदर नव्हता. नियम करणाऱ्यांनी तो वेळोवेळी सावरला आहे. ज्या खेळात निकोला योकिचसारखा धिप्पाड, संथ वाटणारा सर्बियन खेळाडू, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, 41 वा निवडला जाऊनही, डोक्यामागून दिलेल्या पासाने अख्खा बचाव उघडा पाडतो, त्या खेळाला मी रटाळ म्हणायला तयार नाही.

माझा आक्षेप सामन्यांच्या संख्येवर आहे. 82 सामने, शिवाय प्लेऑफ. तारांकित खेळाडूंना मधूनच विश्रांती. आणि पोराला घेऊन शार्लटपर्यंत अडीच-तीन तास गाडी हाकत गेलेल्या बापाला तिथे कळते की ज्याला बघायला आलो तो आज खेळणार नाही. पुरस्कारासाठी किमान 65 सामन्यांची अट 2023-24 मध्ये घातली, तो मलमपट्टीचा उपाय झाला. 82 ऐवजी 72 सामने केले तर प्रत्येक संघाचे घरचे पाच सामने कमी होतील. डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याशी 11 वर्षांचा, सुमारे 76 अब्ज डॉलरचा करार केलेल्या लीगला हे अशक्य नाही, नकोसे आहे.

ओळखीला वेळ लागतो या माझ्या मताचा सर्वांत ठळक पुरावा मात्र महिलांच्या खेळात मिळाला. केटलिन क्लार्क आयोवा राज्यातलीच मुलगी. तिथल्याच विद्यापीठात ती चार वर्षे खेळली आणि 3,951 गुण करून तिने पीट मॅराविचचा कॉलेजातल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम मागे टाकला. 2024 चा महिलांचा अंतिम सामना सरासरी 1 कोटी 80 लाखांहून अधिक लोकांनी पाहिला, त्याच वर्षीचा पुरुषांचा दीड कोटींहूनही कमी लोकांनी. क्लार्क असामान्य आहे हे खरेच, पण लोकांना ती चार वर्षांत इत्थंभूत माहीत झाली होती हेही खरे. अर्थात ती इतकी वर्षे राहिली त्यामागे डब्ल्यूएनबीएची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगची, वयाची अट होती आणि तिथले तुटपुंजे वेतनही. पहिल्या वर्षाचा तिचा पगार 76,535 डॉलर होता. जाहिरातींचे पैसे कॉलेजातच मिळू लागल्यामुळे थांबण्यात तिचे फारसे नुकसान झाले नाही.

म्हणून मला वाटते की कॉलेजच्या खेळाडूंना सरळ दोन किंवा तीन वर्षांचे करार द्यावेत, त्यांत दोन्ही बाजूंना बांधणाऱ्या अटी असाव्यात, आणि त्या अटी खेळाडूंच्या संघटनेशी बोलून ठरवाव्यात. प्रशिक्षक मध्येच निघून गेला तर खेळाडूलाही मोकळीक असावी. अडचण अशी आहे की संघटनेशी वाटाघाट करायची तर खेळाडूंना कर्मचारी म्हणून मान्यता द्यावी लागेल, आणि विद्यापीठांना नेमके तेच नको आहे; त्यापेक्षा काँग्रेसकडून मक्तेदारीविरोधी कायद्यापासून सूट मिळवणे त्यांना सोयीचे वाटते. पगार द्यायचा, पण नोकर म्हणायचे नाही, ही कसरत न्यायालयात किती काळ टिकते ते पाहायचे. तोवर आम्ही स्टेटवाले दर ऑक्टोबरमध्ये नव्या संघाची नावे पाठ करायला बसतो, आणि ड्यूकवाल्यांचीही वेगळी अवस्था नाही. त्यांचा तारांकित खेळाडू कूपर फ्लॅग त्यांच्याकडे जेमतेम एक मोसम होता.