परशा वाचायला नाव पुकारतात तेव्हा

शालोम, नमस्कार मंडळी. शनिवारी तुमच्या, म्हणजे आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या, देवळात नेमकं काय वाचतात असं मला खूप जण विचारतात, म्हणून आज तेवढंच बोलतो. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, त्याचे ५४ भाग, एकेकाला आम्ही परशा म्हणतो, दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सकाळी एक परशा, कधी दोन जोडून, असं वर्षभरात सगळं वाचून होतं आणि सिमहाथ तोरा या सणाला शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी परत उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू.

सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, हाताने लिहिलेली असते, चामड्यावर, आणि त्यात स्वरांच्या खुणाच नसतात. आता मराठीत कल्पना करा, काना मात्रा वेलांटी सगळं काढून टाकलं आणि समोर नुसतं 'मल' राहिलं, तर ते माल, मेल, मूल का मोल? हिब्रूत तसंच, करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको ही आज्ञा आहे ना, तिथे हालाव म्हणजे दूध, पण तीच अक्षरं हेलेव वाचली तर चरबी होते! वाचणारा असा चुकला तर त्याला लगेच थांबवतात आणि तो परत मागे जाऊन वाचतो. माझ्या लहानपणी पहिल्या बाकावर एक काका बसायचे, पुस्तकावर बोट ठेवून, त्यांच्या कानातून एक चूक सुटायची नाही. यात कुणाचा अपमान नसतो, ऐकणाऱ्याचं ते कामच आहे.

सकाळच्या वाचनाला किमान सात जणांना पुकारतात, वडिलांच्या नावासकट, कोहेन, म्हणजे याजक घराण्यातला, असेल तर पहिला तो, मग लेवी वंशातला, मग बाकीचे. आपण तेबावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, जायचं, तालीथचा, म्हणजे प्रार्थनेच्या शालीचा, गोंडा वाचन जिथून सुरू होतं त्या शब्दाला टेकवून ओठांना लावायचा, बराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची ओळ, म्हणायची, हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, वाचतो तेव्हा आपण हळू आवाजात सोबत म्हणायचं आणि शेवटी दुसरी बराखा. मी तेराव्या वर्षी पहिल्यांदा गेलो तेव्हा हात थरथरत होते. पोरांनो, नाव येईल म्हणून मागे जाऊन बसू नका रे, दोन छोट्या बराखा आहेत, आठवड्यात पाठ होतात.

दहा पुरुष जमले नाहीत तर सेफेर वाचायला बाहेर काढत नाहीत. १९४८ नंतर आपले बहुतेक लोक इस्राएलला गेले, आता कोकणात दहावा माणूस येईपर्यंत फोन फिरवत बसावं लागतं.

पण आपल्या पूर्वजांकडे तर कित्येक पिढ्या सेफेरच नव्हती. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली, आणि प्रार्थनेतली एक ओळ तोंडपाठ, शेमा इस्राएल, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक'. मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, त्याच्याही आधीपासून ती ओळ आपल्याकडे आहे. ती येते वाएतहनान या परशात, ऐन पावसाळ्यात. ह्या वर्षी त्या शनिवारी बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही मोजून अकरा जण, आणि हजान तिथे पोचला तेव्हा कुणी न सांगता सगळ्यांनी, शेमा म्हणताना ठेवतात तसा, डोळ्यांवर हात ठेवला.